परका रस्ता आणि घरचा परवाना

आमच्या घरांतून कोणी परदेशीं निघालें म्हणजे पेट्या भरण्याचें काम चार-पांच दिवस चालतें, आणि त्यांत प्रत्येकाचा कांहीं ना कांहीं वांटा असतो. मेतकूट, भाजणी व लोणचें हें वहिनींच्या हातचें. कपड्यांची यादी सूनबाईंची. आणि कागदपत्रांची तपासणी आमची. जन्मभर मुलांच्या वह्या तपासण्यांत गेल्यामुळें ही कामगिरी आमच्याकडे न मागतां आली आहे. सन २०२३ च्या जूनमध्यें आमचा धाकटा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनीस निघाला, तेव्हां त्याच्या कागदांत करड्या रंगाची एक लहानशी पुस्तिका होती. मोटार हांकण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना तो हाच. मे महिन्यांत परिवहन कार्यालयांत जाऊन त्यानें तो काढून आणिला होता, व त्यावर मे २०२४ पर्यंतची मुदत घातलेली होती.

तो परवाना पाहून आम्हांस मास्तरकीचा झटका आला. घरच्या मंडळींस जवळ बसवून आम्हीं 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाची फोड केली, 'अंतर्' आणि 'अंतर' यांतील भेद सांगितला, आणि शेवटीं पुतण्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालों, "आतां वर्षभर कोणत्याहि देशांत निर्धास्त गाडी हांक." व्याकरण आमचें बरोबर होतें. बाकीचें सारें चूक होतें.

२०२४ च्या फेब्रुवारींत एके रात्रीं अकराच्या पुढें फोन वाजला. एका वसाहतींतल्या लहानशा चौकांत, जेथें दिवा नाहीं कीं पाटी नाहीं, तेथें पुतण्याची गाडी उजवीकडून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळली होती. कोणास लागलें नव्हतें. दुसऱ्या गाडीचें दार चेपलें होतें एवढेंच. पुतण्या हांकीत होता ती गाडी त्याच्या मित्राची. पोलीस आले, त्यांनीं कागद मागितले. यानें ती करडी पुस्तिका, आपला महाराष्ट्रांतला परवाना व पासपोर्ट असे तिन्ही काढून दिले. पुस्तिकेची मुदत संपावयास अद्याप तीन महिने होते. परंतु पोलिसानें ती तारीख पाहिलीच नाहीं. "या देशांत राहावयास केव्हां आलां?" एवढेंच त्यानें विचारलें. गेल्या जूनमध्यें, हें उत्तर ऐकून त्यानें पुस्तिका मिटून परत दिली व सांगितलें कीं, डिसेंबरपासून तुमच्याजवळ परवाना असा नाहींच.

जर्मनीचा नियम असा आहे. युरोपीय संघाबाहेरचा परवाना घेऊन आलेला मनुष्य केवळ पाहुणा असेल, तर त्या परवान्यास भाषांतराची किंवा आंतरराष्ट्रीय पुस्तिकेची जोड देऊन त्यास गाडी हांकतां येते. पण त्यानें तेथें बिऱ्हाड थाटलें, कीं त्या दिवसापासून सहा महिने मोजावयाचे. वर्षाच्या आंत परत जाणार असल्याचें पटवून दिल्यास ही मुदत आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवून मिळूं शकते. मात्र ती मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाहीं. सहा महिने सरले, कीं पुस्तिकेवरची तारीख कांहींहि असो, तिचा उपयोग संपला. आणि परवान्यावांचून गाडी हांकणें हा तेथें पावती फाडून मिटणारा प्रकार नव्हे. तो फौजदारी गुन्हा आहे. त्यास दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद सांगितलेली आहे. त्याहूनहि मनास लागणारी गोष्ट पुढेंच आहे. ज्यानें आपली गाडी अशा माणसाच्या हातीं दिली, तो मालकहि त्याच कलमाखालीं येतो.

पुढचे सात आठवडे आमच्या घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. थोरले बंधू रोज सकाळीं वर्तमानपत्र उघडून बसत व पान उलटीत नसत. नोकरी जाईल काय, व्हिसा राहील काय, हे प्रश्न कोणी विचारीत नव्हतें, कारण ते प्रत्येकाच्या मनांत होते. त्या मित्राच्या वडिलांचा नागपुराहून फोन आला, तेव्हां आम्हांस शब्द सुचेना. "आमच्या मुलानें उपकार केला, त्याचें हें असें व्हावें काय?" असें ते म्हणाले; रागानें नव्हे, अगदीं हळू आवाजांत. शेवटीं त्या मुलावरील प्रकरण काढून टाकण्यांत आलें. पुतण्यास सुमारें एका महिन्याच्या वेतनाइतका दंड झाला, आणि विमा कंपनीनें दुसऱ्या गाडीवाल्याचें नुकसान भरून देऊन त्यांतील बरीचशी रक्कम याच्याकडे मागितली. नोकरी राहिली. या सर्व काळांत पुतण्यानें एकदांहि "काका, तुम्हींच तसें सांगितलें होतें" असें म्हटलें नाहीं. म्हटलें असतें तर बरें झालें असतें.

त्या सात आठवड्यांत या पुस्तिकेविषयीं जें वाचतां आलें तें आम्हीं वाचून काढलें. ज्या घरांतून आज उद्यां कोणी परदेशीं जाणार आहे, त्या घराच्या उपयोगीं पडावें म्हणून त्यांतील कांहीं भाग येथें मांडीत आहों.

मोटार जन्मास आली आणि थोड्याच वर्षांत तिच्यापुढें सरहद्दींचा प्रश्न उभा राहिला. १९०९ च्या ऑक्टोबरांत पॅरिस येथें याविषयीं राष्ट्रांचा पहिला करार झाला; त्यांत गाडी व सारथी या दोघांस मिळून एकच प्रवासपत्र होतें. १९२६ सालच्या दुसऱ्या पॅरिस करारानें गाडीचा दाखला निराळा व हांकणाराचा निराळा केला. पुढें महायुद्ध आटोपल्यावर १९ सप्टेंबर १९४९ रोजीं जिनीव्हा येथें संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें जो करार झाला, त्यास भारतानें १९६२ सालीं कायम संमति दिली, आणि आपली करडी पुस्तिका आजहि त्याच करारानें ठरविलेल्या नमुन्याबरहुकूम निघते. १९६८ सालीं व्हिएन्ना येथें आणखी एक करार झाला. त्यांतली पुस्तिका तीन वर्षांपर्यंतहि चालूं शकते. परंतु रस्त्यावरील वाहतुकीच्या त्या करारांत भारत सामील नाहीं, म्हणून आपल्या पुस्तिकेची मुदत फार तर एक वर्ष.

ही पुस्तिका उघडून पाहणारे लोक थोडे. आवरण करडें, आंतील पानें पांढरीं. आकार १०५ मिलिमीटर रुंद व १४८ मिलिमीटर लांब, म्हणजे खिशांत मावेल असा. आंत तोच तो मजकूर निरनिराळ्या भाषांतून दिलेला, आणि शेवटचें पान फ्रेंच भाषेंत. वाहनांचे पांच वर्ग सांगून, ज्या वर्गाचा आपणांस हक्क असेल त्याच्यापुढेंच शिक्का मारलेला असतो. जें राष्ट्र ही पुस्तिका देतें त्याच्या हद्दींत ती चालत नाहीं, हेंहि तीवर छापलेलें असतें. कारण घरच्या माणसास घरची भाषा समजावून सांगण्याचें प्रयोजन काय?

संस्कृत शिकलेल्या माणसास तिचें स्वरूप एका वाक्यांत सांगतां येईल. देशांतला परवाना हें सूत्र, आणि पुस्तिका ही त्यावरची टीका. टीकेस स्वतःचें प्रामाण्य नसतें. परक्या देशाच्या पोलिसास आपलें सूत्र वाचतां येत नाहीं, म्हणून त्याच्या भाषेंत तें समजावून देणें एवढेंच तिचें काम. सूत्र घरच्या कपाटांत ठेवून टीकाच बरोबर नेली, तर ती फुकट. सूत्राची मुदत संपली, तर टीकाहि त्याच दिवशीं संपली. कित्येक शहाणीं माणसें 'हरवूं नये' म्हणून मूळ परवाना घरीं ठेवून निघतात, असें आम्हीं पाहिलें आहे.

आणि तो आमचा शब्द! 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे सर्व राष्ट्रांत चालणारें, असा अर्थ आम्हीं त्या दिवशीं केला. तो अर्थ व्यवहारांत रूढ आहे, पण या पुस्तिकेपुरता अक्षरार्थच खरा. दोन राष्ट्रांच्या मध्यें असलेल्या माणसासाठीं ती आहे. एक घर सोडून दुसऱ्या ठिकाणीं अद्याप घर न केलेल्या पाहुण्यासाठीं. पाहुणा रहिवासी झाला, कीं त्यानें त्या देशाच्या परीक्षेस बसावें, अशी जवळजवळ सर्व राष्ट्रांची भूमिका आहे, आणि ती अन्यायाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्याकडे येऊन राहणाऱ्या परक्या माणसानें आपल्या रस्त्यांची रीत शिकावी, असें आपणहि म्हणूंच.

फरक आहे तो पाहुणचाराच्या मुदतींत. ब्रिटनमध्यें राहावयास गेलेल्यास आपल्या परवान्यावर बारा महिने हांकतां येतें. पुढें तेथला शिकाऊ परवाना काढून लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, कारण ज्या देशांचे परवाने तेथें अदलून मिळतात त्यांत भारत नाहीं. संयुक्त अरब अमिरातींत नियम याहून कडक आहे. आपला प्रवासी पुस्तिकेवर गाडी हांकूं शकतो; पण राहण्याचा व्हिसा हातीं पडला, कीं पुस्तिका बंद, महिना-दोन महिन्यांची सवलत नाहीं. आमच्या कोंकणांतील किती घरांतले तरुण तिकडे आहेत हें ध्यानांत घेतां ही गोष्ट घरोघर ठाऊक असावी. चीनच्या मुख्य भूमीवर कोणत्याच कराराची पुस्तिका मानीत नाहींत. तेथें पाहुण्यासहि तिकडचाच तात्पुरता परवाना घ्यावा लागतो.

जपानची गोष्ट गमतीची आहे. तें राष्ट्र केवळ १९४९ च्या जिनीव्हा नमुन्याचीच पुस्तिका मानतें. त्यामुळें जर्मन मनुष्याची १९६८ ची पुस्तिका तेथें चालत नाहीं, त्यास आपल्या परवान्याचें जपानी भाषांतर करून घ्यावें लागतें. आणि साताऱ्या-सांगलीहून गेलेला आपला मनुष्य मात्र करडी पुस्तिका दाखवून खुशाल गाडी हांकतो. जपानांत उतरल्यापासून एक वर्ष, किंवा पुस्तिकेवरची मुदत, यांत जें आधीं संपेल तेथपर्यंत. वर्ष भरत आलें, कीं आठ दिवस मायदेशीं येऊन नवी पुस्तिका घेऊन परतावें, अशी युक्ति एखाद्या हुशार माणसास सुचेल. पण तेथें नोंदणी झालेला रहिवासी तीन महिन्यांच्या आंत परत आला, तर त्याचें वर्ष नव्यानें मोजीत नाहींत.

अमेरिका हा एक देश नसून या बाबतींत पन्नास देश आहेत. प्रत्येक संस्थानाचा कायदा निराळा. कॅलिफोर्नियांत पाहुणा आपल्या घरच्या वैध परवान्यावर हांकूं शकतो, पण तेथला रहिवासी झाल्यावर दहा दिवसांच्या आंत तेथला परवाना काढावा असा नियम आहे. फ्लॉरिडा संस्थानानें १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्यास आंतरराष्ट्रीय पुस्तिका सक्तीची केली. शेजारच्या कॅनडांतून हिवाळ्यांत तिकडे जाणाऱ्या हजारों लोकांची त्यामुळें गाळण उडाली, आणि अवघ्या तीन-चार महिन्यांत तो नियम रद्द करावा लागला. आधीं कायदा, मग विचार, हा क्रम आपल्याच देशांत आहे असें समजणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी.

आतां आपल्याकडची व्यवस्था. अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर भरतां येतो. तें नांव ज्यानें सुचविलें त्यास आमचा नमस्कार असो. नमुना ४-अ, हजार रुपये शुल्क, कायम परवाना व पासपोर्ट इतकें लागतें, आणि आपण राहतों तेथलें प्रादेशिक परिवहन कार्यालय पुस्तिका देतें. शिकाऊ परवान्यावर ती मिळत नाहीं. पूर्वीं वैद्यकीय दाखला व व्हिसा हेहि आधीं दाखवावे लागत. पण कित्येक देश विमानतळावर उतरल्यावरच व्हिसा देतात. तो आधीं कोठून दाखवावा? जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेनें या दोन्ही अटी गेल्या, आणि परदेशांत असतांना पुस्तिकेची मुदत संपल्यास तेथल्या भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करण्याची सोय झाली. ऑगस्ट २०२२ पर्यंत तर राज्याराज्यांच्या पुस्तिकांचा आकार, रंग व ठेवण हीं एकसारखीं नव्हतीं, व परक्या पोलिसास ती खरी कीं खोटी असा संशय येई. त्या महिन्यांत सर्व देशासाठीं एकच नमुना ठरविण्यांत आला व पुस्तिकेवर मूळ परवान्याशीं जोडणारें क्यूआर चिन्ह आलें.

पुस्तिका घेण्याची घाई मात्र करूं नये. तिचें वर्ष दिल्या तारखेपासून मोजतात. पौषांत काढली आणि ज्येष्ठांत निघालों, तर अर्धें वर्ष घरींच गेलें. शिवाय मूळ परवान्याची मुदत आधीं संपत असेल तर पुस्तिकाहि तेवढीच. आमच्यासारख्या पंचावन्नी ओलांडलेल्यांचा परवाना पांच पांच वर्षांनींच नवा होतो, म्हणून मुलाकडे सहा महिने राहावयास जाणाऱ्या आजोबांनीं आपल्या परवान्यावरची तारीख आधीं पाहावी. मुदत संपण्यापूर्वीं एक वर्ष आधींहि नूतनीकरणाचा अर्ज करतां येतो.

दुचाकीविषयीं एक शब्द. गोव्यास येणारे परदेशी तरुण स्कूटर भाड्यानें घेऊन फिरतांना आपण पाहतों. त्यांच्याहि पुस्तिकेंत दुचाकीच्या वर्गापुढें शिक्का असावा लागतो. तोच नियम थायलंडांत गेलेल्या आपल्या मुलांस लागूं आहे. परवाना केवळ मोटारीचा, आणि स्कूटर कोण हांकूं शकत नाहीं, म्हणून बसले व निघाले! अपघात झाला म्हणजे विमा कंपनी प्रथम हाच शिक्का पाहते.

परंतु आपल्या घरांतून सर्वांत अधिक अडचण होते ती नांवांची, आणि या विषयावर थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. आपली नांव लिहिण्याची रीत तिपेडी: स्वतःचें, वडिलांचें किंवा पतीचें, आणि आडनांव. जुन्या परवान्यांवर पहिलीं दोन नांवें आद्याक्षरांत गुंडाळलेलीं असतात, कोठें आडनांव आधीं, कोठें शेवटीं. पासपोर्टावर मात्र तीं पूर्ण. आपल्यास हीं दोन्ही नांवें एकाच माणसाचीं आहेत यांत शंका येत नाहीं. परक्या देशांत मोटार भाड्यानें देणाऱ्या कारकुनास तीं दोन माणसें दिसतात. स्त्रियांच्या बाबतींत तर लग्नानंतर आडनांवाबरोबर मधलें नांवहि बदलतें, आणि पुष्कळ ठिकाणीं पहिलेंहि. आमच्या धाकट्या सूनबाईंचा परवाना माहेरच्या नांवाचा, व पासपोर्ट लग्नानंतर काढलेला म्हणून सासरच्या नांवाचा. २०२२ सालीं चिरंजीव व सूनबाई स्कॉटलंड पाहावयास गेलीं. आधींच पैसे भरून मोटार ठरविली होती, दोघांनीं आळीपाळीनें हांकावी असा बेत होता. तेथल्या कारकुनानें दोन्ही कागद शेजारीं ठेवून नम्रपणें मान हलविली. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. विवाहनोंदणीचा दाखला जवळ असता तर कदाचित् काम झालें असतें. तो येथें बँकेच्या पेटींत होता. घरांत उत्तम गाडी हांकणारी ती एकटी. चिरंजीवांचा हात तितका बसलेला नाहीं. आठ दिवस डोंगरांतल्या अरुंद रस्त्यांवर त्यांनीं गाडी हांकली व ही शेजारीं बसून राहिली. "मामंजी, सरोवर एकहि नीट पाहिलें नाहीं, सारा वेळ रस्त्याकडेच डोळे," असें तिनें परत आल्यावर सांगितलें. म्हणून पुस्तिकेचा अर्ज करण्याआधीं परवाना व पासपोर्ट शेजारीं शेजारीं ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावें, व फरक असेल तर परवान्यांतलें नांव दुरुस्त करून घ्यावें. हें काम पेट्या भरण्याच्या आठवड्यांत होत नाहीं.

संकेतस्थळांवरील फसवणुकीचाहि उल्लेख करणें प्राप्त आहे. घरबसल्या दोन दिवसांत, तीन किंवा पांच वर्षांची 'आंतरराष्ट्रीय' पुस्तिका देऊं, अशा जाहिराती तेथें पुष्कळ दिसतात. आपल्यास जिनीव्हा करारान्वयें मिळणारी पुस्तिका एका वर्षाहून अधिक मुदतीची असूंच शकत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवलें तर पांच वर्षांची पुस्तिका विकणारा काय विकीत आहे हें कळेल. अमेरिकेच्या व्यापार आयोगानेंहि अशा बनावट पुस्तिकांविषयीं लोकांस सावध केलें आहे.

कागद चोख असला तरी रस्ता परका तो परकाच. पुतण्याचा अपघात झाला तो याच अज्ञानानें. जर्मनींत, फ्रान्सांत व युरोपाच्या बऱ्याच भागांत, ज्या चौकांत कांहीं खूण नसेल तेथें उजवीकडून येणाऱ्यास आधीं जाऊं द्यावयाचें. आपला रस्ता रुंद व त्याचा बोळ अरुंद, म्हणून आपला मान मोठा, असा हिशेब तेथें नाहीं. आपल्याकडे जो आधीं भोंगा वाजवितो त्याचा मान. ही सवय विमानांत बसतांना उतरवून ठेवतां येत नाहीं. अमेरिकेंत आम्ही मुलीकडे गेलों होतों, तेव्हां एके रात्रीं निर्मनुष्य चौकांत थांबण्याची पाटी पाहून तिनें गाडी पूर्ण उभी केली. चारी दिशांस चिटपांखरूं नव्हतें. "कोणी नाहीं ग, चल," असें आम्ही म्हणालों. "बाबा, पाटी आहे ना!" एवढेंच ती म्हणाली, आणि मनांतल्या मनांत तीन अंक मोजून मग निघाली. तेथें शाळेची बस उभी राहून तांबडे दिवे लुकलुकूं लागले, कीं मागच्यानें थांबावयाचेंच, आणि मध्यें दुभाजक नसल्यास समोरून येणाऱ्यानेंहि. तांबडा दिवा असतांहि पूर्ण थांबून, रस्ता मोकळा पाहून उजवीकडे वळण्याची मुभा पुष्कळ ठिकाणीं आहे. पण न्यूयॉर्क शहरांत, तशी पाटी असल्याखेरीज, नाहीं. ह्या गोष्टी कोणत्याहि पुस्तिकेंत लिहिलेल्या नसतात.

उजव्या व डाव्या बाजूचें तर विचारूंच नये. स्वीडनमध्यें ३ सप्टेंबर १९६७ च्या पहांटे पांच वाजतां साऱ्या राष्ट्रानें डावी बाजू सोडून उजवी धरली. सामोआनें २००९ सालीं उलट केलें. आखें राष्ट्र एकदम बदलूं शकतें, कारण सर्वांचेंच चुकत असतें व सर्वच सावध असतात. एकटा मनुष्य बदलतो तेव्हां तसें नसतें.

पुतण्यानें पुढें तिकडची परीक्षा दिली. डोळ्यांची तपासणी झाली, प्रथमोपचाराचा वर्ग झाला. बाहेरचा परवाना असलेल्यास ठराविक तासांची सक्तीची शिकवणी नसते, तरी त्यानें मुद्दाम शिक्षक ठेवला. लेखी परीक्षा इंग्रजींत देतां येते. प्रत्यक्ष परीक्षेंत पहिल्या खेपेस नापास झाला, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण. २०२४ च्या शरदृतूंत जर्मन परवाना हातीं आला, तेव्हां तेथल्या कार्यालयानें त्याचा महाराष्ट्रांतला परवाना ठेवून घेतला. जर्मन परवाना परत केल्यास तो परत मिळावयाचा, असा तेथला रिवाज आहे. वहिनींस हें फार लागलें. "म्हणजे आतां तो तिकडचाच झाला कीं काय?" असें त्या म्हणाल्या. आम्हीं या वेळीं शब्दाची फोड केली नाहीं.

गेल्या वर्षीं, २०२५ च्या गणपतींत, तो घरीं आला. हरितालिकेच्या दिवशीं पत्री व फुलें आणावयास निघतांना त्यानें बंधूंकडे गाडीची किल्ली मागितली. आम्हीं चष्मा लावला व हात पुढें केला. त्यानें हंसत टेबलावर तिकडचा परवाना ठेवला, त्याजवळ तिकडून काढून आणिलेली आंतरराष्ट्रीय पुस्तिका ठेवली, आणि शिवाय भ्रमणध्वनीवर डिजिलॉकरमधला इकडचा जुना परवानाहि उघडून दाखविला. स्वतःच्या गल्लींत गाडी हांकण्यासाठीं त्यास आतां आंतरराष्ट्रीय पुस्तिका होती. तिन्हींवरचें नांव अक्षरशः सारखें होतें, मुदती शिल्लक होत्या. आम्हीं मान डोलविली. वहिनी मागें बसल्या, आम्ही पुढें.

फाटकापाशीं वळण्याचा दिवा लावावा म्हणून त्यानें डाव्या हातानें दांडी हलविली, तों निरभ्र आकाशाखालीं काच पुसण्याचीं फडकीं करकर फिरूं लागलीं. बाहेर पडतांच गाडी सरळ उजव्या कडेस लागली, आणि समोरून येणारा रिक्षावाला जागच्या जागीं थांबून आमच्याकडे पाहत राहिला. "अरे, डावीकडे! डावीकडे!" वहिनी मागून ओरडल्या. पुतण्यानें गाडी हळूच थांबविली, रिक्षावाल्यास हात जोडले, फाटकांत उभ्या असलेल्या बंधूंस हांक मारली, आणि खालीं उतरून किल्ली त्यांच्या हातीं दिली.